हनुवटीचा फडका

आमच्या घरात तोंडाने श्वास घेणारी दोन माणसं होती. एक मी आणि दुसरी गुणा आते, माझ्या बाबांची धाकटी बहीण. बाकीच्यांचा श्वास ऐकू येत नसे, आमचा येई. दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, की पडवीत चटया पसरत आणि वाडीभर निजानीज होई. माडांवर कावळे तेवढे ओरडत. समुद्राचा आवाज रात्रंदिवस असायचा, म्हणून तो आम्हाला आवाज वाटतच नसे. अशा वेळी पडवीच्या एका टोकाला आते आणि दुसऱ्या टोकाला मी, अशी आमची घरघर सुरू झाली की आई म्हणायची, "इली बघ दोघींची आगबोट." पहिल्यांदा ती हे हसत म्हणे. मी वाढू लागले, वरचे दात ओठाबाहेर डोकावू लागले, तसं तिचं हसणं कमी होत गेलं आणि नुसतं वाक्य उरलं.

मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. बाबा एका व्यापाऱ्याच्या मचव्यावर तांडेल होते. मचवा म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, आणि तांडेल म्हणजे त्यावरचा कर्ता माणूस. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की बाबा जे जात, ते पावसाच्या तोंडावर घरी येत. मधे शिमग्याला जमलं तर जमलं. मंगळूरची कौलं वर न्यायची, वरचं मीठ खाली न्यायचं, असं त्यांचं चाले. घरात मग आई, आते, मी आणि पाळण्यातला धाकटा भाऊ. पुरुषमाणूस नसलेल्या घरात बायका मोकळ्या असतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे मोकळेपणा होता, पण आते मात्र स्वतःच्या घरातही पदराचं टोक तोंडावर धरूनच बोलायची. मला कितीतरी वर्षं वाटे की पदर हा आतेचा अवयवच आहे.

माझा चेहरा तेव्हा लांबट होता, डोळ्यांखाली काळं, खालचा ओठ सुटलेला. ओठ मिटायचे तर मला ठरवून मिटावे लागत, आणि ठरवलेलं फार वेळ टिकत नसे. पुढचे वरचे दात खालच्यांना भेटत नसत. कैरीची फोड पुढच्या दातांनी तोडायला गेले तर ती तशीच राहायची, मग ती दाढेकडे सरकवून कडेने तोडायची. जेवतानाची गोष्ट तर निराळीच. घास तोंडात असला की श्वास घ्यायला जागा नाही, श्वास घ्यायचा तर घास थांबवायचा. त्यामुळे मी पानावर सगळ्यांत मागे राही, आणि माझ्यासोबत आते. आई चुलीपुढून उठून गेली तरी आम्ही दोघी समोरासमोर रवंथ करत बसलेल्या. आते मधेच एखादी तळलेली मुडदुशीची मासळी माझ्या पानात सरकवी आणि म्हणे, "खा सावकाश. आपणाक खंय बोट धरूची आसा?"

शाळेत मला 'बांगडो' म्हणत. टोपलीत पडलेला बांगडा पाहिला असेल त्याला कारण सांगायला नको. गुरुजी भले गृहस्थ होते, पण त्यांनाही वाटे की तोंड उघडं ठेवणं हा आळस आहे आणि आळसावर उपाय म्हणजे टपली. मी वर्गात पेंगतही असे, कारण रात्रभर झोपूनही मला झोप झालेली नसायची. हे आज कळतं. तेव्हा सगळ्यांचं एकच निदान होतं, आणि ते शेजारच्या काशीकाकीने एकदा विहिरीवर मोठ्याने सांगून टाकलं, "चेडू आतेवर गेला गो. दात बघ, तोंड बघ. तसाच होतला." तसंच होणार म्हणजे काय होणार, ते सांगायची गरज नव्हती. आते तिशी ओलांडून गेली होती, तिचं लग्न झालं नव्हतं, आणि आता कोणी तो विषयही काढत नसे. आते विहिरीवरच होती. तिने घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि त्या दिवशी पदर धरायला हात मोकळा नसल्यामुळे तोंड उघडं टाकूनच घरी आली.

आतेच्या स्वयंपाकाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढच्या गोष्टीचा धागा त्यात आहे. आई बाळात गुंतलेली, म्हणून चूल बहुतेक आतेकडे. तिच्या हातचं सार कधी इतकं आंबट की कान गरम व्हावेत, तर कधी तिरफळं एवढी की जीभ झिणझिणून जाई. आंबट, तिखट, खारट एवढंच तिला कळतं, मधलं काही कळत नाही, असं आई म्हणायची. मासे घेताना मात्र तिचा हात धरणारं वाडीत कोणी नव्हतं. ती कल्ले उचलून लाली पाही, डोळा पाही, अंगठ्याने पाठ दाबून पाही. नाकाशी मात्र कधी नेत नसे. भात चुलीवर असला की ती मडक्याकडे कान करून बसायची. भात लागायला लागला की मडक्याचा आवाज बदलतो, असं तिचं म्हणणं. तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की भात करपायचा, आणि सगळं घर करपलेल्या वासाने भरलं तरी ती मागच्या अंगणात शांतपणे सुकी मासळी उलटत असायची. "गुणाचा लक्ष नाय," एवढ्यावर ते मिटे.

आणि सुरंगी. शिमग्याच्या आधी सुरंगी फुलते आणि आमच्याकडच्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. उन्हं वर यायच्या आत कळ्या काढाव्या लागतात, फुललं की फूल वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, उपयोगाचं नाही. आते झाडावर सरसर चढायची आणि मधमाश्यांना न भिता ओटी भरून कळ्या आणायची. तिच्यासारखा घट्ट, एकसारखा वळेसर कोणाला जमत नसे. ओवून झाला की ती तो पदराआड नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बरो वास सुटलोहा." मग एक माझ्या वेणीत, एक आईच्या, आणि उरलेले वाडीत.

त्या वर्षी सुरंगीच्या दिवसांतच तिने माझ्या हनुवटीला फडका बांधायला सुरुवात केली. वाडीत कोणी बाई गेली की तिला न्हाऊ घालायला आतेला बोलावणं येई. लग्न न झालेल्या, अंगाने मजबूत बाईकडे अशी कामं आपोआप जातात. मेलेल्या माणसाचा जबडा सुटतो, म्हणून हनुवटीखालून डोक्यावर फडका घेऊन गाठ मारतात. थोड्या वेळाने फडका सोडला तरी तोंड मिटलेलंच राहतं. हे तिने कितीदा केलं होतं, पाहिलं होतं. तिने बाबांच्या जुन्या धोतराची लांब पट्टी फाडली, ती धुऊन वाळवली आणि दुपारी मी चटईवर पडले की माझ्या हनुवटीखालून घेऊन टाळूवर बांधली. आई पाळणा हलवत होती. ती चमकली.

"मड्याक बांधतत ता जित्याक कशाक गो?"

"मड्याचा मिटता," आते म्हणाली, "मगे जित्याचा मिटाचा नाय? हाड कोवळा आसा तोवर वळता. माका लहानपणी कोणी बांधूक नाय."

या शेवटच्या वाक्यावर आई पुन्हा पाळणा हलवू लागली. मी तशीच पडून राहिले, कारण आतेचा हात माझ्या कपाळावर होता आणि तो हात मला आवडायचा. पण फडका बांधून झोपणं काय असतं ते आजही माझ्या छातीला आठवतं. ओठ दाबून मिटलेले, दातांच्या फटीतून, ओठांच्या कोपऱ्यातून जेवढा येईल तेवढाच वारा. मला खाडीच्या पाण्याखाली असल्याची स्वप्नं पडत. वर उजेड दिसतोय आणि मी वर येत नाही. मग मी धडपडून जागी होई, तर आते शेजारी बसलेली, पंख्याने वारा घालत. गाठ ती थोडी सैल करी, मी पुन्हा डोळे मिटले की पुन्हा आवळी. तिचं प्रेम किती होतं हे सांगायला मला दुसरा पुरावा नको. तिला स्वतःला दुपारची झोप फार प्रिय होती, आणि ती झोप तिने माझ्या उशाशी बसून घालवली.

एक दिवस मात्र ती बसली नव्हती. अंगणात बांगडे वाळत घातले होते, कावळे उतरले, म्हणून ती हातात काठी घेऊन मागे गेली. आई बाळाला घेऊन आत. आणि नेमके त्याच वेळी बाबा आले. मचव्यात कुठूनतरी पाणी शिरायला लागलं होतं म्हणून तो मालवण बंदरात दुरुस्तीला आणला होता, आणि शिमगा तोंडावर होता, तेव्हा बाबा न सांगता घरी निघाले होते. हातात कालिकतच्या हलव्याचं पुडकं. पडवीची पायरी चढले तर समोर चटईवर त्यांची मुलगी, हात दोन्ही बाजूंना, डोळे मिटलेले, आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत पांढरा फडका.

बाबा त्या वेळी ओरडले नाहीत, असं आई सांगायची. आत पुडकं पडल्याचा आवाज आला म्हणून ती बाहेर आली, तर ते पायरीवरच गुडघे टेकून बसले होते. ज्या माणसाने वादळात शीड कापून मचवा किनाऱ्याला लावला होता, त्याला पडवीची दोन हात जमीन ओलांडता येईना. मग माझी छाती हलली. घशातून तो घुसमटलेला आवाज आला, आणि बाबांनी झडप घालून ती पट्टी माझ्या डोक्यावरून ओरबाडून काढली. मला आठवतं ते इथून पुढचं. एकदम वारा आत आला आणि समोर बाबांचं तोंड, दाढी वाढलेलं, आणि त्यांचे डोळे वाहत होते. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं समुद्राचं पाणी असेल.

आते मागच्या दारात उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्यात मासळी, पदर नेहमीसारखा तोंडावर नव्हता.

"गुणा, ह्या काय केलंस तू?" बाबा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "जित्या चेडवाक मड्याचो फडको बांधलंस? माझ्या धोतराचो?"

आईच पुढे आली. "माका म्हायती होता. तिका एकटीक बोलू नकात," ती म्हणाली, आणि हलव्याचं फुटलेलं पुडकं गोळा करू लागली. हलवा आम्ही नंतर धुऊन खाल्ला. कालिकतचा हलवा टाकून द्यायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. पण बाबांनी त्याला हात लावला नाही, आणि आतेशी बोलणं बंद केलं. शिमग्याचे ढोल वाडीत वाजत होते, सोंगं दारात येऊन नाचून जात होती, आणि आमच्या घरात बहीणभाऊ एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत होते. मला वाटे हे सगळं माझ्या दातांमुळे झालं. एकदा मी आरशासमोर बसून अंगठ्याने ते मागे ढकलत राहिले, हिरड्या दुखेपर्यंत.

मात्र त्या दिवसांत बाबांनी एक गोष्ट केली. मी दुपारी झोपले की ते शेजारी येऊन बसायचे आणि नुसते ऐकायचे. मचव्यावर वाऱ्याचा अंदाज घेतात तसे. एका दुपारी त्यांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "बघ. वारो पडता हिचो. सगळा थांबता, नि मगे एकदम येता. आज ना उद्या येवचो नाय." आईने म्हटलं लहानपणापासून असंच आहे. बाबा म्हणाले, "म्हणानच." दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की वेंगुर्ल्याला दवाखान्यात जायचं, आणि सुलूसोबत, म्हणजे माझ्यासोबत, राहायला गुणा येईल. आई बाळाला सोडून कुठे जाणार, हे खरं. पण ज्या बहिणीशी बोलत नव्हते तिच्याच हातात मला द्यायला ते तयार झाले, याचा अर्थ मी नंतर पुष्कळ दिवस लावत बसले. आतेने तो तेव्हाच लावला असावा. तिने बोचक्यात स्वतःचं एकच लुगडं घेतलं आणि माझे सगळे कपडे.

मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं आणि दोरखंडाच्या शिडीपाशी कोणीतरी वर खेचायचं. त्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही, कारण मी सगळा वेळ उलटी दाबत होते. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र लख्ख आठवतात. कोल्हापूरकडच्या होत्या, बुटक्या, चष्म्याच्या, बोलायला घाई नाही. त्यांनी आधी मला तोंड मिटायला सांगितलं आणि एक छोटा गोल आरसा नाकाखाली धरला. आरसा कोरडाच राहिला. मग मला तोंड उघडायला लावून बत्तीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. बाबा दवाखान्यात शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करत. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाईसाहेब, पुढचे दात काढून टाकले तर चालेल काय? दातांमुळेच तिचं तोंड उघडं राहतं."

"उलटं आहे," बाई म्हणाल्या. "तोंड उघडं राहतं म्हणून दात असे आले. बिचारे दात काय करणार, जागा मिळेल तिथे बसले. तुमच्या घराला माळा आहे ना?"

बाबा गोंधळले. माळा होता.

"खालच्या खोलीचं छत तीच माळ्याची जमीन. तोंडाचंही तसंच. ही टाळू म्हणजे तोंडाचं छत, आणि तीच वरच्या नाकाची जमीन. हिची टाळू रुंद व्हायची ती अरुंद झाली, मधे उंच चढली. छत वर चढलं की माळा बुटका होणारच. आणि त्या बुटक्या माळ्याच्या मागच्या दाराशी गाठी वाढल्यात. नाकातून वारा जायला वाटच नाही. मग पोर काय करील? तोंड उघडं ठेवील, नाहीतर मरेल."

शेवटचा शब्द बाई सहज बोलून गेल्या, पण बाबांनी आतेकडे पाहिलं आणि आतेने जमिनीकडे. बाईंचं लक्ष तेव्हा तिच्याकडे गेलं. "या कोण? आत्या?" त्या उठल्या आणि काही न विचारता आतेच्या तोंडावरचा पदर त्यांनी हळूच बाजूला केला. मी जन्मात कोणाला असं करताना पाहिलं नव्हतं. तोच आरसा त्यांनी तिच्या नाकाखाली धरला. एका बाजूला नखाएवढी वाफ उमटली, दुसरीकडे काही नाही.

"हिचा पण काय होयत?" बाबांनी विचारलं. शुद्ध मराठी ते विसरले होते.

बाईंनी आरसा पुसून ठेवला. "मुलीच्या गाठी मी काढते. तिचं हाड अजून वाढतंय, वाट मोकळी झाली तर थोडंफार सुधारेल. दात सरळ होतील असं वचन देत नाही. यांच्या गाठी, असल्याच तर, केव्हाच आटल्या असतील. पण घर तेव्हा बांधलं गेलं ते तेवढंच राहिलं. आता ते मोठं करायची विद्या माझ्याकडे नाही." आणि मग आतेला म्हणाल्या, "तुम्हाला लहानपणी कोणी आणायला हवं होतं."

आते पदराआड हसली. "तेवा खंय दवाखानो," म्हणाली. बाबा मात्र बाहेर जाऊन ओट्यावर बसले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात दोन केळी होती, आणि एक त्यांनी आतेला दिलं. त्यांचं बोलणं तिथून सुरू झालं.

शस्त्रक्रियेचं सांगण्यासारखं काही नाही. तोंडावर जाळी, त्यावर थेंब थेंब गार काहीतरी, आणि जाग आल्यावर घशात निखारा. बाबा मचव्यासाठी मालवणला परतले, आम्ही दोघी राहिलो. घसा निवत आला तशी एका सकाळी आते मला गार पेज भरवत होती. तिचा हात तोंडाजवळ आला आणि मी थांबले. "आते, तुझ्या हाताक कायतरी आसा."

"काय आसा? धुवन इलंय." तिने हात उलटापालटा करून पाहिला.

"दिसना नाय. पण आसा."

त्या हाताला खोबरेल होतं, चुलीचा धूर होता, आणि कितीही धुतलं तरी न जाणारी सुक्या मासळीची जुनी सावली होती. हे शब्द आजचे. तेव्हा मला एवढंच कळलं की हवेत काहीतरी आहे, ते आतेचं आहे, आणि ते श्वासाबरोबर आत येतंय. तोंड मिटलेलं होतं आणि मी गुदमरत नव्हते. मला रडू आलं. आतेला वाटलं घसा दुखतोय.

परतीच्या बोटीत मी पिसाळल्यासारखी हुंगत होते. कोळसा, तेल, ओले दोरखंड, कोणाच्यातरी टोपलीतले काजू. प्रत्येक वेळी आतेला सांगत होते. ती ऐकत होती. मग तिने समुद्राकडे पाहतच विचारलं, "सुलू, वास येता म्हणजे काय होता गो?"

"तुका येना नाय?"

"नाय. कधीच नाय."

"मगे सुरंगीचो वळेसर हुंगतंस तो?"

"सगळी हुंगतत, म्हणान मी पण हुंगतंय." तिने पदर सारखा केला. "कोणाक सांगतलंय? नाक आसा तेका वास येता, असा सगळ्यांका वाटता."

मग तिने मला तिच्या बघण्याच्या कार्यक्रमाची हकीकत सांगितली, तीही त्याच आवाजात. पाहुणे बसले होते, तिला बजावलं होतं की काही झालं तरी तोंड मिटून बस, दात दिसता कामा नयेत. ती मिटून बसली. कानात ढोल वाजायला लागले तरी बसली. "मगे श्वास घेवक तोंड उघडूचाच लागला," ती म्हणाली. "तेवड्यात तेंनी बघल्यानी." पाहुण्यांनी एवढ्यावरून मुलगी नाकारली. तिला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की आपण थोडा वेळ आणखी धीर धरायला हवा होता. माझ्या हनुवटीला तिने काय बांधलं होतं ते मला बोटीत कळलं.

घरी आल्यावर सुरंगीचे शेवटचे दिवस उरले होते. आतेने वळेसर केला, पण नाकाशी नेला नाही. तो तिने माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "सांग." मी म्हटलं, गोड. ती म्हणाली, गोड जिभेला कळतं, मला दुसरं सांग. मी म्हटलं, उन्हात ठेवलेल्या गुळासारखा, पण गूळ नव्हे. "मगे काय?" मला सांगता येईना. पुढे दर वर्षी हे होत राहिलं. मी मोठी झाले, शब्द वाढले, आणि दर वर्षी मी निराळं सांगे. ती मात्र मागचं सगळं लक्षात ठेवून असे. "गेल्या वर्सा असा म्हणूक नाय होतंस," म्हणे. भात लागायला आला की ती मला हाक मारी, मासे मी हुंगून सांगे. पुढे मी शिक्षिका झाले आणि माझी मराठी बरी आहे असं लोक म्हणतात. ती कुठल्या पुस्तकाने झाली नाही, आतेच्या "मगे काय?" ने झाली.

दात माझे पुरते मागे गेले नाहीत. थोडे आले, ओठ मिटू लागले, एवढंच. परवा माझ्या नातीला कुडाळला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिचेही दात तसेच, झोपेत घरघर तशीच. संगणकावर तिच्या डोक्याचं आतलं चित्र होतं, आणि नाकामागून घशाकडे जाणारी हवेची वाट रंगात दाखवली होती, अरुंद जागी लाल. डॉक्टर पोरगी तरुण आहे. म्हणाली, टाळूला स्क्रू बसवू, घरी रोज थोडा फिरवायचा, टाळू रुंदावते. कधी कधी नाकालाही जागा होते. आधी काय, नाक की दात, यावर अजून वाद चालू आहे, असंही ती म्हणाली. मी तिला माळ्याची गोष्ट सांगितली. तिला ती आवडली. मला त्या लाल पट्टीकडे पाहवेना. मला तिथे आते दिसत होती, पडवीच्या टोकाला झोपलेली.

आते गेली तेव्हा मी सावंतवाडीला शिक्षिकेच्या शिक्षणाला होते. निरोप आला, मी पोचले तेव्हा तिला न्हाऊ घातलं होतं. इतकी वर्षं हे काम जी करत असे तीच आता पाटावर होती, म्हणून बायका जरा गोंधळल्या होत्या. तिचं तोंड उघडं होतं, नेहमी असायचं तेवढंच. मी तिच्या उशाशी बसले. काशीकाकी, तीही आता वाकलेली, नव्या कापडाची पट्टी घेऊन पुढे आली आणि आतेची हनुवटी उचलू लागली. बाबा दारात उभे होते. समुद्र त्यांनी सोडला होता, पण आवाज तांडेलाचाच होता.

"बांधू नकात," ते म्हणाले. "तिका श्वास घेवक व्हयो."

काशीकाकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून पट्टी घेतली, घडी केली आणि बाजूला ठेवली. आतेला आम्ही तशीच नेली, तोंड उघडं ठेवून, आणि त्यावर पदर घातला नाही.